उपकेंद्राची नर्सबाई कशी घडते
(ग्रामस्थ, शिक्षक व ग्रामपंचायतीचे कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उपकेंद्राची पाटी बहुतेकांच्या परिचयाची असते आणि तेथे बसणारी बाईही. गाव तिला नर्सबाई म्हणते, कोणी सिस्टर म्हणते, एखादी म्हातारी भाबडेपणाने डॉक्टरीणबाईही म्हणते. सरकारदरबारी तिचा हुद्दा 'सहायक परिचारिका व प्रसाविका' असा आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ए.एन.एम. ठरते. सपाटीवर सुमारे पाच हजार आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात सुमारे तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, असा शासनाचा दंडक आहे. म्हणजे एवढ्या माणसांची पहिली गाठ जिच्याशी पडते, ती व्यक्ती ही. परंतु तिला काय शिकवले जाते, किती काळ शिकवले जाते आणि तिने काय करू नये, याची माहिती गावात फारच थोड्यांना असते. बारावी झालेल्या मुलीचा बाप शाळेत येऊन "गुरुजी, मुलीला नर्सिंगला घालू का?" असे विचारतो, तेव्हा गुरुजीही पुष्कळदा अंदाजानेच उत्तर देतात. त्या अंदाजावर मुलीची दोन वर्षे आणि बापाचे पैसे पणाला लागलेले असतात.

डॉक्टरच्या हाताखाली काम करणारा मदतनीस तयार करण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबईत १८२६ साली डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली एतद्देशीयांसाठी वैद्यक शाळा निघाली होती. तेथे मराठी व गुजराती भाषांतून शिक्षण देण्याचा यत्न झाला. ती १८३२ मध्ये बंद पडली. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ मध्ये 'हॉस्पिटल असिस्टंट' तयार करण्यासाठी देशी भाषांचे वर्ग उघडण्यात आले. हैदराबादच्या वैद्यक शाळेत, म्हणजे १८४६ नंतर, प्रथम उर्दूतून शिकवीत. इंदूरला १८७८ मध्ये वैद्यक शाळा स्थापन झाली. गोव्यात तर त्याही आधी, १८४२ मध्ये, पणजीला पोर्तुगीज अमदानीतील वैद्यक विद्यालय सुरू झाले होते. तेथून निघालेले पुष्कळ जण आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींत नोकरीस गेले आणि तेथे त्यांना दुय्यम दर्जाचेच समजले गेले. दुय्यमपणाचा हा डाग या पेशाला सर्वत्रच चिकटलेला दिसतो. १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला. देशात डॉक्टरांचा एकच वर्ग असावा, अशी त्याची शिफारस होती. त्या मताशी समितीतील काही सदस्य सहमत नव्हते. तथापि पुढील काळात लायसेन्शिएट तयार करणाऱ्या शाळा एकतर बंद झाल्या किंवा त्यांची महाविद्यालये झाली. इंदूरच्या शाळेचे महाविद्यालयात रूपांतर १९४८ मध्ये झाले. डॉक्टर शहरात राहिला; खेड्यातील मधली जागा रिकामी झाली, आणि ती भरण्याचे काम ए.एन.एम.वर येऊन पडले.

आरंभी हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता. सातवी-आठवी शिकलेली मुलगी चालत असे. त्या काळच्या शिक्षणाचा मोठा भाग बाळंतपणाचाच होता. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने 'बहुउद्देशीय कार्यकर्ता' ही कल्पना मांडली: हिवतापासाठी एक, देवीसाठी दुसरा, कुटुंबनियोजनासाठी तिसरा असे निरनिराळे कर्मचारी दारोदार फिरण्याऐवजी एकाच जोडीने सर्व कामे पाहावीत. कल्पना सयुक्तिक होती. पण १९७७ मध्ये अभ्यासक्रम बदलताना प्रवेशाची अट दहावीपर्यंत वाढवली गेली आणि मुदत मात्र दोन वर्षांवरून दीड वर्षावर आणली गेली. कामे वाढली, काळ घटला, आणि कात्री लागली ती बाळंतपणाच्या शिक्षणाला. जिच्या हुद्द्यातच 'प्रसाविका' हा शब्द आहे, तिच्या हातून प्रसूतीचाच सराव सुटत गेला. ही चूक उमगायला बरीच वर्षे लागली. भारतीय परिचर्या परिषदेने २०१२-१३ च्या सुमारास अभ्यासक्रम पुन्हा दोन वर्षांचा केला. त्यात शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष कामाचे ठेवले.

आता त्या दोन वर्षांत काय शिकावे लागते ते पाहू. परिषदेच्या त्या नियमांनुसार उमेदवार मुलगी बारावी उत्तीर्ण असावी लागते. शास्त्र शाखाच हवी असे नाही, कला शाखेच्या मुलीसही दार उघडे आहे. हे पालकांना पुष्कळदा ठाऊक नसते. वय सतरा पूर्ण, पस्तीसच्या आत. पहिल्या वर्षी सामाजिक आरोग्य परिचर्या, आरोग्यसंवर्धन, प्राथमिक आरोग्यसेवा आणि बालपरिचर्या हे विषय असतात. आहार, शरीररचना, स्वच्छता, मानसिक आरोग्य, साथीचे रोग, प्रथमोपचार ही सर्व प्रकरणे त्यांतच येतात. दुसऱ्या वर्षी प्रसूतिपरिचर्या आणि आरोग्यकेंद्राचे व्यवस्थापन. पुरुष कर्मचाऱ्याचे प्रशिक्षण निराळे आहे, त्याचा विस्तार येथे नको.

विषयांची नावे वाचून अभ्यास कळत नाही. एकट्या लसीकरणाचे उदाहरण घ्या. सुई टोचणे चार दिवसांत येते. परंतु बी.सी.जी. ही डाव्या दंडावर, कातडीच्या दोन थरांमध्ये द्यावयाची. सुई थोडी खोल गेली तर काम बिघडले. गोवर-रुबेलाची लस उजव्या दंडावर कातडीखाली. पाच रोगांवरची एकत्रित लस मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत. हे हाताला बसावे लागते. त्याहून अवघड गोष्ट लस सांभाळण्याची. लस दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये ठेवावयाची. थंड तितकी चांगली, असा सामान्य समज असतो. प्रत्यक्षात धनुर्वात, घटसर्प, कावीळ-ब यांच्या लसी गोठल्या की निकामी होतात. म्हणून बर्फाच्या पट्ट्या शीतपेटीतून काढून लगेच डब्यात भरावयाच्या नसतात. त्या बाहेर ठेवून हलवून पाहावयाच्या आणि आत पाण्याचा खळखळ आवाज आला म्हणजे मगच भरावयाच्या. पोलिओच्या कुपीवर एक छोटा चौकोन असतो. तो भोवतालच्या वर्तुळाहून फिका असेल तोवर लस वापरण्याजोगी. बी.सी.जी. आणि गोवर-रुबेला यांची कुपी एकदा पाणी घालून कालवली की चार तासांनंतर टाकून द्यावयाची, मग आत कितीही डोस उरलेले असोत. "एवढे औषध वाया घालवता?" असे एखाद्या पंचाने विचारले, तर ती बाई नियमाने वागत आहे असे समजावे. पंचाला राग आला तरी बाईने ती कुपी ठेवू नये, हेही शिक्षणातच येते.

प्रसूतीच्या शिक्षणाचे स्वरूप आणखी गंभीर. गरोदर स्त्रीचा रक्तदाब, वजन, रक्तातील हिमोग्लोबिन, लघवीतील अल्ब्युमिन यांची तपासणी, पोटावर हात ठेवून बाळाची स्थिती ओळखणे, बाळाच्या हृदयाचे ठोके मोजणे. ते मिनिटाला साधारण १२० ते १६० असावेत. हिमोग्लोबिन अकराच्या खाली गेले तर रक्तक्षय, सातच्या खाली गेले तर धोका. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळला तर पुढचे पाऊल कोणते, हे तिला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले पाहिजे. मूल जन्मल्यावर मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन द्यावयाचे, म्हणजे रक्तस्राव आटोक्यात राहतो. नाळ बांधण्याची घाई करावयाची नाही. बाळाला कोरडे पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवावयाचे आणि तासाभरात अंगावर पाजावयाचे. आंघोळ त्या दिवशी नको. बाळ रडले नाही, श्वास घेत नसले, तर पहिल्या मिनिटातच पिशवी आणि मुखवट्याने श्वास द्यावयाचा; तेथे पुस्तक उघडून पाहण्यास सवड नसते. नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून हटल्याचे २०१५ मध्ये प्रमाणित झाले, त्यामागे स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा आणि आईला वेळेवर दिलेली लस यांची दीर्घकाळची शिस्त आहे.

येथेच आजची खरी अडचण आहे. २००५ पासून जननी सुरक्षा योजनेमुळे बाळंतपणे रुग्णालयांत होऊ लागली, ही आनंदाचीच गोष्ट. पण त्यामुळे उपकेंद्रात शिकणाऱ्या मुलीच्या हाताखालून जाणारी बाळंतपणे कमी झाली. मोठ्या रुग्णालयात पाठवले तर तेथे वैद्यकीय विद्यार्थी, पदवीच्या परिचारिका, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या परिचारिका असे सर्वजण रांगेत उभे. ए.एन.एम.ची मुलगी बहुधा मागे राहते आणि वहीत मात्र आकडा भरला जातो. पुढे पावसाळ्यात रस्ता बंद असताना, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका नदीपलीकडे अडकलेली असताना, तीच मुलगी एकटी उभी असणार आहे. ज्या संस्थेजवळ भरपूर प्रसूती होणारे स्वत:चे किंवा जोडलेले रुग्णालय नाही, तेथे मुलीस घालू नये, एवढे निश्चयाने म्हणता येते. इमारत, बाग, संगणककक्ष यांची चौकशी मागाहून करावी.

भाषेचा प्रश्न तर सीमाभागात रोजचाच. पुस्तके इंग्रजीत, नोंदवही एका भाषेत, वरिष्ठांचे बोलणे दुसऱ्या भाषेत आणि रुग्ण स्त्री बोलते घरची मराठी किंवा कोंकणी. खानापूर तालुक्यातील बाई "डोळ्यांपुढे अंधारी येते" म्हणते. त्यात अशक्तपणा असू शकेल, तसाच वाढलेला रक्तदाबही असू शकेल. पहिल्याला गोळ्या पुरतात, दुसऱ्याला तातडीने रुग्णालय लागते. "अंगावरून जाते" एवढ्याने पांढरे की लाल हे कळत नाही, विचारावेच लागते. "बाळ फिरत नाही" हे वाक्य कोणी सहज म्हटले तरी ते सहज घ्यावयाचे नसते. पुस्तकातील इंग्रजी शब्द आणि बाईच्या तोंडचा शब्द यांची जोडी लावण्याचे काम अभ्यासक्रमात कोठेही स्वतंत्रपणे लिहिलेले नाही. चांगल्या शिक्षिका ते आपल्या बुद्धीने करून घेतात. शाळेत मराठी नीट शिकलेली मुलगी येथे मागे पडत नाही, उलट पुढे जाते, ही गोष्ट भाषाशिक्षकांना सांगण्यासारखी आहे.

तिच्या मर्यादाही गावाने जाणून घ्याव्यात. ती डॉक्टर नव्हे. गरोदरपणात झटके आलेल्या स्त्रीला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन पुढे पाठवण्याची मुभा तिला आहे. पुढचे उपचार तिचे नाहीत. ताप आला की सलाईन लावा, असा आग्रह धरणारे ग्रामस्थ तिला आपल्या मर्यादेबाहेर ढकलतात आणि बिघडले की तिलाच दोष देतात. शिवाय आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका आणि नर्सबाई या तिघींना एकच समजण्याची चूक सर्रास होते. आशा ही २००५ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानातील गावचीच स्वयंसेविका, अंगणवाडी १९७५ च्या बालविकास योजनेतली. नोंदणीकृत परिचारिका या तिघींत एकटी नर्सबाई. २०१८ नंतर अनेक उपकेंद्रांत सामुदायिक आरोग्य अधिकारी हे नवे पद आले आहे. त्यांच्या येण्याने नर्सबाईचे लसीकरणाचे व घरभेटींचे काम संपलेले नाही.

शेवटी प्रवेशाविषयी. सहा महिन्यांत 'नर्सिंग असिस्टंट', 'बेडसाइड असिस्टंट', 'मेडिकल असिस्टंट' अशी प्रमाणपत्रे देणारे वर्ग तालुक्याच्या गावोगावी निघाले आहेत. त्यांतील काहींचा खाजगी दवाखान्यात मदतनीस म्हणून काम मिळण्यास उपयोग होत असेल. परंतु तेवढ्यावर ए.एन.एम. म्हणून नोंदणी होत नाही, आणि नोंदणीविना शासकीय उपकेंद्रातील पद मिळत नाही. पैसे भरण्यापूर्वी पालकांनी संस्थेकडे राज्य परिचर्या परिषदेच्या मान्यतेचे पत्र मागावे, ते कोणत्या वर्षाचे व किती जागांचे आहे ते वाचावे, आणि परिषदेच्या प्रसिद्ध यादीत नाव आहे की नाही ते पडताळून पाहावे. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसेवा आयोगाचा कायदा संमत केला असल्याने त्या यादीची चौकशी दरवर्षी नव्याने करणे बरे. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर ज्या राज्यात शिक्षण झाले त्या राज्याच्या परिषदेत नाव नोंदवावयाचे. बेळगावची मुलगी कोल्हापुरास शिकली आणि गोव्यात नोकरीस गेली, तर पहिल्या परिषदेचे ना-हरकत पत्र घेऊन दुसऱ्या राज्यात पुन्हा नोंदणी करावी लागते. या कागदांना वेळ लागतो, म्हणून जाहिरात निघण्याची वाट न पाहता निकाल लागताच अर्ज करावा, आणि मूळ गुणपत्रके कोणत्याही संस्थेकडे ठेव म्हणून देऊ नयेत.