आपलेच शिपाई, आपल्याच सांध्यात

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने मला संधिवातावर बोलायला सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून शासकीय रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणारा माणूस आहे. कोणतं औषध घ्यावं हे मी सांगणार नाही. पण हा आजार ज्यांच्यामुळे पेटतो त्या पांढऱ्या पेशी मी रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. त्यांची गोष्ट मात्र सांगू शकतो.

सुरुवात घरापासून करतो. आमच्याकडे गणपतीचे एकवीस मोदक आत्याच वळायची. पातळ पारी, मोजून काढलेल्या कळ्या. एका वर्षी ती म्हणाली, "यंदा साच्यातले करू या." आम्ही सगळे हसलो. तेव्हा तिचं वय बेचाळीस. सकाळी उठल्यावर तिचे हात आखडलेले असायचे, चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरायची. घरात सगळ्यांनी एकच निदान केलं, वात आहे. तेल चोळलं, शेक दिला, दुखलं की गोळी दिली. मीही त्यातलाच. दिवसभर लोकांचे रिपोर्ट लिहायचो, पण आत्याच्या हाताकडे नीट पाहिलं नाही. दीड वर्ष गेलं.

आपण "संधिवात" या एका शब्दात दोन वेगळे आजार कोंबतो. एक झिजेचा. तो उतारवयात, बहुधा गुडघ्यात होतो, चाललं की दुखतो आणि विश्रांती घेतली की बरं वाटतं. दुसरा रुमॅटॉइड. तो तिशी-चाळिशीतही गाठतो. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दोन-तीन पट जास्त आढळतो. बोटांची पेरं, मनगटं असे लहान सांधे, तेही बहुधा दोन्ही बाजूंचे धरतो. यात विश्रांतीनंतरच अंग जास्त आखडतं. सकाळचा ताठरपणा तासभर, कधी त्याहून जास्त टिकतो. हा झिजेचा नव्हे, दाहाचा आजार आहे.

दाह मुळात वाईट नाही. 1882 साली मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने इटलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता. शरीरात घुसलेल्या परक्याला पेशी गिळतात, या शोधासाठी त्यांना 1908 साली नोबेल मिळालं. आपल्या पांढऱ्या पेशी हेच करतात. डीएलसीच्या रिपोर्टवर पहिलं नाव दिसतं ते न्यूट्रोफिलचं. आपला अस्थिमज्जा रोज सुमारे शंभर अब्ज न्यूट्रोफिल तयार करतो. ते थोडाच काळ जगतात. जखम झाली की रक्तवाहिनीतून बाहेर पडतात, जंतू गिळतात आणि मरतात. लाली, ऊब, सूज, वेदना ही त्या लढाईची खूण. लढाई संपली की सगळं शांत होतं.

रुमॅटॉइडमध्ये लढाई संपतच नाही, कारण शत्रूच नसतो. लिम्फोसाइट नावाच्या पेशी म्हणजे शरीराचं गुप्तहेर खातं. आपला कोण आणि परका कोण, हे त्या ओळखतात. इथे त्यांचीच चूक होते. त्या आपल्याच प्रथिनांना परकं ठरवतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. मग सांध्याच्या आतल्या अस्तरात मॅक्रोफेज पेशी जमतात आणि टीएनएफ, आयएल-6 असे रासायनिक निरोप सोडू लागतात. निरोप एकच, "अजून कुमक पाठवा." रक्तातून न्यूट्रोफिल येतात, सांध्याच्या पाण्यात उतरतात आणि जंतूंसाठी ठेवलेला दारूगोळा तिथे फोडतात. निरोगी सांध्याच्या पाण्यात एका घन मिलिमीटरमध्ये दोनशेपेक्षा कमी पांढऱ्या पेशी असतात. या आजारात मी त्या हजारोंनी मोजल्या आहेत. अस्तर जाड होतं, कूर्चेवर चढतं, शेवटी हाड कुरतडलं जातं. औषधाने दाह थांबतो, पण कुरतडलेलं हाड पूर्ववत होत नाही.

आता तुमच्या रिपोर्टबद्दल. ईएसआरसाठी आम्ही रक्त एका उभ्या नळीत तासभर ठेवतो. दाह असला की यकृत काही प्रथिनं जास्त बनवतं, त्यामुळे लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली बसतात. म्हणून आकडा वाढतो. सीआरपीही यकृतातूनच येतं. पण दोन्ही तपासण्या एवढंच सांगतात की कुठेतरी आग आहे. कुठे आणि कशामुळे, हे सांगत नाहीत. आरए फॅक्टरचंही तसंच. तो निरोगी माणसातही सापडतो, आणि शंभरातल्या वीस ते तीस रुग्णांत सापडत नाही. अँटी-सीसीपी ही तपासणी जास्त नेमकी आहे, पण निकाल रिपोर्ट देत नाही, सांधे तपासणारे डॉक्टर देतात. रिपोर्टच्या खिडकीशी उभं राहून "निगेटिव्ह आहे ना, मग काही नाही" म्हणत निघून जाणारे लोक मी पाहतो, तेव्हा जीव हळहळतो.

औषधांबद्दल दोनच गोष्टी. दुखणं थांबवणारी गोळी वेदना कमी करते, पण हाड कुरतडणं थांबवत नाही. आत्याचं नेमकं हेच झालं. ज्या औषधाने दाहालाच लगाम बसतो, त्यात आजही पहिलं नाव मेथोट्रेक्सेटचं. भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या गटाने ते मुळात रक्ताच्या कर्करोगासाठी तयार केलं. संधिवातात त्याची मात्रा लहान असते आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेततं. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या डब्यात ही गोळी असेल, तर वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. दुसरी गोष्ट, टीएनएफचा निरोपच अडवणारी इंजेक्शनं आता मिळतात. ही वाट लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी 1992 पासूनच्या चाचण्यांतून दाखवली. मात्र शिपायांना आवर घातला की खऱ्या जंतूंचा धोका वाढतो. म्हणून आधी क्षयाची तपासणी करतात, आणि नंतरही ठरल्या वेळी रक्त तपासत राहावं लागतं. त्या फेऱ्यांचा कंटाळा करू नका. आणि लेबल नसलेल्या पुड्या घेऊ नका. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला, तर त्यात स्टिरॉइड असू शकतं.

आत्याला नीट उपचार सुरू झाले तेव्हा सूज उतरली, सकाळ सुसह्य झाली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र वाकडीच राहिली. ती मला कधी काही बोलली नाही. म्हणूनच आज तुमच्यासमोर बोलतो आहे.

तुमच्या घरात कोणाची पेरं सहा आठवड्यांपेक्षा जास्त सुजलेली असतील, सकाळी हात उघडायला वेळ लागत असेल, तर "वात आहे" म्हणून सोडून देऊ नका. सांध्यांच्या डॉक्टरांकडे न्या. पहिल्या काही महिन्यांतले उपचार पुढची वीस वर्षं वाचवतात. तंबाखू-सिगारेट सोडा, त्याने हा आजार बळावतो.

आमच्याकडे आता मोदक माझी मुलगी वळते. आत्या शेजारी पाटावर बसून कळ्या मोजते. एखादी कमी पडली की चालत नाही.

गणपती बाप्पा मोरया!