हरिहरेश्वरची प्रदक्षिणा आणि पाण्याची वेळ

मागच्या पौषात आमच्या दोन बचत गटांच्या बावीस जणी हरिहरेश्वरला जाऊन आलो. सहलीचं काय सांगायचं, असं वाटलं होतं. पण परत आल्यावर ज्या ज्या गटात विषय निघाला, तिथे बायकांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, की पाणी कधी चढतं ते कळतं कसं? म्हणून आज ते सांगायला आलो आहोत.

आम्ही घाटावरच्या. बावीसपैकी सोळा जणींनी समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला. वीस महिने दर महिन्याच्या बचतीबरोबर पन्नास रुपये वेगळे काढले, तेव्हा माणशी हजार जमले. त्यात गाडी, एक मुक्काम आणि जेवण बसवायचं होतं. आमच्यातल्या आत्याबाई सदुसष्ट वर्षांच्या. काळभैरव-योगेश्वरी हे त्यांच्या सासरचं कुलदैवत. लग्न होऊन जवळजवळ पन्नास वर्षं झाली, पण कुलदैवताला जाणं कधी झालं नव्हतं. सासूबाईंनी बोललेली प्रदक्षिणा राहून गेली होती, ती फेडायला त्या निघाल्या होत्या.

पहाटे निघून आधी जुन्या महाबळेश्वरला थांबलो. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. कृष्णा आपल्याकडे येते आणि पुढे सुमारे चौदाशे किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री मात्र पश्चिमेला उडी घेते आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये समुद्र गाठते. ती समुद्राला मिळते ती हरिहरेश्वरच्या अंगालाच. म्हणजे त्या दिवशी आम्ही सावित्रीच्या मागोमागच चाललो होतो. आंबेनळी घाट उतरलो, पोलादपूर, महाड, माणगाव, म्हसळा करत गेलो. घाटात तिघींना उलट्या झाल्या, ते सोडा.

पोचायला दुपारचा एक वाजला. इथली रीत अशी, की आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं आणि पुन्हा काळभैरवाचं. ते झालं. आत्याबाई म्हणाल्या, “आता प्रदक्षिणा. मगच तोंडात घास.”

इथली प्रदक्षिणा देवळाभोवतीची नाही, ती सगळ्या डोंगराला घालायची. देवळामागून पायऱ्या चढायच्या, मग दोन कातळांच्या चिरेतून खाली समुद्रापर्यंत उतरायचं आणि डोंगराच्या पायथ्याशी, लाटांच्या कडेने खडकावरून चालत परत यायचं. सगळं मिळून तासाभराचं चालणं. आमच्यातल्या दोघी तरण्या तर पुढे पळाल्याही होत्या.

वाटेत कोकम विकायला बसलेल्या एका काकूंनी हाक मारली. “बायांनो, कुठे निघालात? आज तिथी काय?”

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. मग कुणीतरी म्हणालं, उद्या संकष्टी, म्हणजे आज तृतीया.

“मग अडीचला भरती पुरी होते. आता पाणी चढतंय. खाली जाऊ नका.”

आत्याबाईंना ते पटेना. “देवाच्या दारात आलोय, देव बघून घेईल,” म्हणाल्या. दोन-तीन जणींनी त्यांची री ओढली. एवढे पैसे घातले, पुन्हा कोण आणणार आहे, असंही एक जण बोलली. खरं सांगायचं तर आम्हालाही वाटलं, पटकन जाऊन येऊ. काकू मग उठल्याच. म्हणाल्या, “वरच्या पायऱ्यांपर्यंत चला, नुसतं बघा. मग तुमची मर्जी.”

वर गेलो आणि चिरेतून खाली पाहिलं. चालायचा खडक कुठे दिसतच नव्हता. लाट यायची, कातळावर आपटायची, चिरेत घुसायची आणि पांढरा फेस पायऱ्यांवर चढायचा. मधे चार-दोन लाटा लहान यायच्या, तेव्हा वाटायचं, आता जाता येईल. तेवढ्यात एक मोठी यायची. याच वाटेवर याआधी लोक वाहून गेले आहेत, काकूंनी सांगितलं. एका बाजूला उभा कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. मधे अडकलं तर वर चढायला जागा नाही.

आत्याबाई पाचेक मिनिटं बघत उभ्या राहिल्या. मग पदर खोचून म्हणाल्या, “चला जेवायला.”

चूक आमची होती, ती इथे कबूल करतो. गाडी, मुक्काम, जेवण, औषधं, सगळ्याचा रकाना वहीत आखला होता. भरती-ओहोटीचा नव्हता. आणि कालनिर्णय तर प्रत्येकीच्या भिंतीवर आहे!

संध्याकाळी काकूंकडेच बसून हिशोब शिकलो. अमावास्येला आणि पौर्णिमेला साधारण बारा वाजता भरती पुरी होते, दुपारीही आणि रात्रीही. तिथून पुढे रोज दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं उशीर. म्हणून तिथीच्या आकड्याला 48 ने गुणायचं. तृतीयेला तीन गुणिले 48, म्हणजे 144 मिनिटं, म्हणजे दोन वाजून चोवीस मिनिटं. काकूंचे अडीच ते हेच. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पुरी होते. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच, पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. अष्टमीला सहा वाजता भरती येते आणि दुपारी बाराला ओहोटी.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त ओसरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी, तो भांग. चंद्र आणि सूर्य एका रेषेत आले की दोघांची ओढ एकत्र पडते, म्हणून उधाण. हा हिशोब अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. त्याच्या भरवशावर एकट्याने खाली उतरायचं नाही, गावातल्या माणसाला विचारायचंच. आणि पावसाळ्यात तर ओहोटी असली तरी त्या वाटेचं नाव काढायचं नाही.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. चार गुणिले 48, म्हणजे सव्वातीनला भरती, म्हणजे सकाळी नवाच्या पुढे ओहोटी. पाणी उतरत असतानाच निघायचं, चढायला लागल्यावर नाही. आम्ही आठला निघालो. बहुतेकींना संकष्टीचा उपास होताच.

काल जिथे फेस उसळत होता, तिथे काळ्या खडकाचं रुंद अंगण पसरलेलं. आपल्याकडे विहीर खणताना लागतो तोच हा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. इथे समुद्राने तो खालून तासून सपाट केला आहे. आणि बाजूच्या कड्याला मधाच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं. खारं पाणी दगडात मुरतं, वाळतं, मिठाचे खडे आत फुगतात आणि दगडाचा कण न् कण सुटत जातो. एक जण म्हणाली, आमच्या मोरीच्या भिंतीचं असंच झालंय. हसलो, पण तिचं बरोबर होतं.

वाटेत गायत्रीतीर्थ, विष्णुपद अशी ठिकाणं दाखवतात. शेवाळावर पाय सरकतो, म्हणून आत्याबाईंना दोघींनी धरलं होतं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. शेवटच्या वळणावर थांबल्या, ओंजळीत समुद्राचं पाणी घेतलं आणि सासूबाईंचं नाव घेऊन सोडलं.

दुपारी बागमांडल्याला गेलो. तिथून गाड्यांसकट माणसं घेऊन फेरीबोट पलीकडे वेशवीला जाते. बोट सावित्रीच्या खाडीतून जाते, पलीकडे बाणकोटचा किल्ला. काल सकाळी देवळात गोमुखातून पडणारी बारीक धार पाहिली होती, आणि आता तिचं हे एवढं रुंद पात्र.

काकूंबद्दल थोडं सांगायचं राहिलं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं. काकूंची सुपारीची वाडी एका दुपारीत आडवी झाली. श्रीवर्धनी रोठा सुपारी नावाजलेली, पण रोप लावल्यापासून हाताला यायला सात-आठ वर्षं जातात. तोवर खायचं काय? म्हणून कोकम, पापड आणि घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना. त्यांच्याही गटात दहा जणी आहेत. आम्ही त्यांच्याकडून चौदा किलो कोकम घेतलं, आणि आमच्या गटाची शेंगदाण्याची चटणी त्यांनी नमुन्याला ठेवून घेतली. पुढचा माल एसटीच्या पार्सलने पाठवायचं ठरलं आहे. भावावर मात्र अजून घासाघीस चालू आहे!

पुढच्या वर्षी दुसरे दोन गट जायचं म्हणताहेत. त्यांच्या वहीत पहिला रकाना तिथीचा आहे. आत्याबाईंनी स्वतः आखून दिलाय, पट्टी न घेता, त्यामुळे जरा वाकडा आहे.