पोटाचं दुखणं आणि ‘टेन्शन’

(चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या शिबिरांच्या वह्या काढून बघा. नाव, गाव, वय आणि पुढे ‘तक्रार’ असा रकाना. माझ्या वह्यांत तरी त्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा एकच गोष्ट लिहिलेली आहे: पोट दुखणे. त्यापुढे ‘उपचार’ असा रकाना, आणि तिथे ॲसिडिटीची गोळी. ती बाई पुढच्या शिबिरात पुन्हा येते, पुन्हा तेच लिहिलं जातं. मीच ते लिहीत आले. म्हणून आज जे बोलणार आहे ते दुसऱ्या कोणाची चूक काढण्यासाठी नाही. सुरुवात माझ्यापासूनच करते.

सिंदेवाहीकडच्या एका गावातली बाई माझ्याकडे दोन वर्षं येत होती. “पोटात आग होऊन राहिली ताई.” नवरा वारलेला, अंगावर कर्ज, मुलगी लग्नाची. दवाखान्यात तिला सांगितलं, टेन्शन आहे. मलाही ते पटलं. एवढ्या विवंचना असल्यावर पोट दुखणारच! रोवणीच्या दिवसांत कंबर दुखते म्हणून ती रोज दुकानातून दुखण्याची गोळी आणून उपाशीपोटी खायची, ते मी कधी विचारलंच नाही. एक दिवस ती बांधीतच चक्कर येऊन पडली. शौचाला डांबरासारखं काळं होत होतं. तपासणीत जठरात मोठा व्रण निघाला, त्यातून रक्त जात होतं. रक्त चढवलं म्हणून वाचली.

दुसरी बाई अगदी उलट. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त, सोनोग्राफी, शेवटी नागपूरला नेऊन दुर्बीण घालूनही पाहिलं. सगळं ‘नॉर्मल’. घरचे म्हणाले, सोंग करते. डॉक्टर म्हणाले, काही नाही. कधी जुलाब, कधी चार-चार दिवस शौचाला नाही, आणि पोटात पीळ. नवरा पिऊन यायची वेळ झाली की पीळ सुरू. हे तिने मला सांगितलं ते तीन वर्षांनी, कारण तीन वर्षांत मी विचारलं नव्हतं.

पहिलीला आपण ‘टेन्शन’ म्हणून तपासलं नाही. दुसरीला तपासलं, काही सापडलं नाही, म्हणून तिचं ऐकलं नाही. दोघींच्या बाबतीत चूक एकच: बाईच्या दुखण्यावर विश्वास ठेवला नाही.

आता शास्त्र काय म्हणतं ते बघू.

आपल्या अन्नमार्गाच्या भिंतीत मज्जापेशींचं जाळं आहे. दहा कोटींहून जास्त पेशी. अन्न पुढे ढकलणं, पाचक रस सोडणं हे काम ते जाळं बरंचसं स्वतःच्या हिमतीवर करतं. मेंदू आणि पोट यांच्यामध्ये व्हेगस नावाची मोठी मज्जा आहे. तिच्यातले बहुतेक धागे मेंदूकडून हुकूम आणणारे नसून पोटाकडून मेंदूकडे खबर नेणारे आहेत. म्हणजे हा रस्ता दोन्ही बाजूंनी वाहतो. भीती वाटली, संताप आला की शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीला लागतं. जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून मळमळ आणि पोट गच्च. मोठं आतडं मात्र घाईने चालतं, म्हणून कळ येऊन परसाकडे पळावं लागतं. ही भीती रोजची झाली तर आतड्याच्या मज्जा हळव्या होतात. साधा वायू धरला तरी दुखतं. हे दुखणं खरं असतं. दुर्बिणीत व्रण दिसतो, हळवी झालेली मज्जा दिसत नाही, एवढाच फरक. या आजाराला डॉक्टर आयबीएस म्हणतात. तो बायकांत पुरुषांपेक्षा जास्त आढळतो.

ही गोष्ट माणसाला कशी कळली तेही ऐकण्यासारखं आहे. १८२२ साली अमेरिकेत ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या, जंगलातून कातडी आणणाऱ्या कंपनीच्या तरुण मजुराला बंदुकीची गोळी लागली. तो जगला, पण पोटावरचं भोक कधी बुजलं नाही. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्या भोकातून वर्षानुवर्षं त्याच्या जठरात डोकावून पाहिलं. राग आला, मन बिघडलं की पचन बिघडतं, हे त्याने डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलं. सेंट मार्टिन त्याच्या घरी गडी म्हणून राबतही होता. शास्त्र पुढे गेलं ते गरिबाच्या पोटावर, हेही आपण लक्षात ठेवू.

पुढे उलटंच झालं. जठराचा व्रण म्हणजे चिंतेचा आजार, असं डॉक्टर कितीतरी वर्षं म्हणत राहिले. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी दाखवलं की जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू राहतो आणि बहुतेक व्रणांच्या मागे तो असतो. कोणी मानेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल स्वतः तो जंतू प्याले आणि आजारी पडले. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. म्हणजे ज्या व्रणाच्या रोग्यांना “चिंता सोडा” एवढंच सांगून घरी पाठवलं, त्यांच्यातले कितीतरी जण दोन आठवड्यांच्या औषधांनी बरे होणारे होते. व्रणाचं दुसरं मोठं कारण म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. आपल्या रोवणीवाल्या बाईचं तेच झालं.

मग चिंतेचा काहीच संबंध नाही का? तसंही नाही. २०१५ मध्ये डेन्मार्कमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जंतू असो वा नसो, गोळ्या खात असो वा नसो, ज्यांच्या आयुष्यात ताण जास्त त्यांना व्रण होण्याचा धोका जास्त, असं त्यात दिसलं. तेव्हा ‘जंतू की टेन्शन’ हे भांडणच खोटं. दोन्ही तपासायचं.

आणखी एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. १९९० साली अमेरिकेत डॉ. ड्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी पोटाच्या दवाखान्यात आलेल्या २०६ बायकांना विचारलं, तुमच्यावर कधी लैंगिक किंवा शारीरिक अत्याचार झाला होता का? ४४ टक्के बायका हो म्हणाल्या. ज्यांच्या पोटात तपासणीत काही सापडत नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण आणखी जास्त होतं. अत्याचार सोसलेल्यांपैकी फक्त १७ टक्के बायकांनी ते आपल्या डॉक्टरला सांगितलं होतं. जवळजवळ एक तृतीयांश बायका तर जन्मात कोणाशीच बोलल्या नव्हत्या. याचा अर्थ पोट दुखणारी प्रत्येक बाई मार खाते असा नव्हे. अर्थ एवढाच, की विचारल्याशिवाय कळत नाही.

विचारण्याची ताकद काय असते ते आपल्याच जिल्ह्याने जगाला दाखवलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते. त्याआधी अशी तपासणी झाली होती ती फक्त ८ टक्क्यांची. १९८९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तोपर्यंत गावातल्या बाईला बाळंतपणाशिवाय आजार असतात हेच कोणी धरत नव्हतं. पोटाच्या दुखण्याचं आज तसंच चाललं आहे.

आता आपल्या बाईचा दिवस डोळ्यांसमोर आणा. तेंदूपत्त्याच्या हंगामात ती अंधारात उठते, कोऱ्या चहावर जंगलात जाते. भूक मरावी म्हणून खर्रा तोंडात. वाकून पानं तोडताना कान झुडपाकडे. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी त्याच जंगलात जाणाऱ्या बाईच्या पोटात काय होत असेल? घरी संडास नाही, किंवा आहे पण पाणी नाही. बाहेर जायचं तर वाघाची भीती, माणसांचीही भीती. म्हणून ती अंधार पडेपर्यंत दाबून धरते, पाणी कमी पिते. मग बद्धकोष्ठ, मूळव्याध. रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरलं ते खाते. आणि नवरा पिणारा असेल तर तो येईपर्यंत घास उतरत नाही.

दारूविरुद्ध आपल्या बायका उगीच लढल्या नाहीत. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या बायका २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. २०१५ मध्ये तिथे बंदी आली आणि २०२१ मध्ये ती उठली. दारूबंदीची चर्चा महसुलाच्या आकड्यांत होते. बायकांच्या पोटात रोज संध्याकाळी उठणारा पीळ कोणत्याच हिशेबात धरला जात नाही.

“टेन्शन घेऊ नका,” असं डॉक्टर सांगतात. मलाही सांगितलं होतं. जणू टेन्शन बाजारात मिळतं आणि आम्ही ते विकत आणतो! बाईने ते घेतलेलं नसतं, तिला ते दिलेलं असतं. म्हणून ‘टेन्शन आहे’ हे बोलणं संपवणारं वाक्य होता कामा नये. तिथून बोलणं सुरू व्हायला हवं: कशाचं? कोणामुळे? कधीपासून?

आता कामाचं सांगते.

पहिलं, तपासणी. शौचाला काळं किंवा रक्त, रक्ताची उलटी, वजन उतरणं, घास अडकणं, कावीळ, ताप, झोपेतून उठवणारं दुखणं यातलं काहीही असलं तर टेन्शनचा विषय बाजूला ठेवून तिला लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळं होतं, म्हणून गोळ्या चालू आहेत का ते विचारा. आपल्या भागात सिकलसेलच्या त्रासातही पोटात भयंकर कळा येतात. तरुण मुलीचं पोट वारंवार दुखत असेल तर रक्ताची ती चाचणी करूनच घ्या. पाळी चुकलेली असताना एका बाजूला जोरात दुखत असेल तर क्षणही घालवू नका, गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. ओटीपोट दुखतं, अंगावरून जातं, तर स्त्रीरोगाची तपासणी.

दुसरं, वहीत नवे रकाने. दुखण्याच्या गोळ्या किती? खर्रा किती? दिवसातलं पहिलं जेवण कधी? परसाकडे कुठे जाता? आणि घरी कोणाची भीती वाटते का? हा शेवटचा प्रश्न सासूसमोर, नवऱ्यासमोर विचारायचा नाही. एकटीला आडोशाला घेऊन विचारायचा आणि उत्तर कोणाला सांगायचं नाही. तिने हो म्हटलं तर पुढे काय करायचं याची तयारी ठेवूनच विचारा. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं. दवाखान्यात आलेल्या बाईला हिंसेबद्दल विचारता येतं, आधार देता येतो, हे त्याने दाखवलं. घरगुती हिंसेचा कायदा २००६ पासून लागू आहे. संरक्षण अधिकाऱ्याचा फोन आपल्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर हवा.

तिसरं, मागण्या. दुर्बिणीची तपासणी आपल्या जिल्ह्यांतच, वेळेवर आणि फुकट मिळाली पाहिजे. घराजवळ पाण्यासह संडास पाहिजे. जंगलात जाणाऱ्या बायकांना संरक्षण पाहिजे. हे सगळे पोटाच्या आजाराचेच उपचार आहेत.

ती दुसरी बाई अजून येते. पीळ पूर्ण गेला नाही, पण कमी आहे. औषध चालू आहे, आणि नवऱ्याने हात उचलला तर धावून येणाऱ्या चार बायका गावात आहेत. गेल्या खेपेला मी वहीत ‘पोट दुखणे’ लिहायला लागले, तशी तिने माझा हात धरला. म्हणाली, “थांबा ताई, आधी ऐका तर.”

मी पेन खाली ठेवलं.