पहिला आलेला मुलगा रडतो तेव्हा



बक्षिसांचं टेबल समोर मांडून ठेवलंय, विंगेत नाचाचे गट कपडे बदलून तयार आहेत आणि फिशपाँडची पेटी केव्हा उघडते याकडे मागच्या रांगांचं लक्ष आहे. तेव्हा प्रस्तावना करत नाही. मला आज चित्रपटांबद्दल बोलायचंय आणि सुरुवात एका शर्यतीपासून करायची आहे.

माजिद मजिदी या इराणी दिग्दर्शकाचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ हा १९९७चा चित्रपट. तेहरानच्या गरीब वस्तीतला अली धाकट्या बहिणीचे, जाहराचे, बूट दुरुस्त करून आणतो. वाटेत भाजीच्या दुकानाबाहेर ते ठेवतो आणि तिथून ते नाहीसे होतात. वडिलांकडे नव्या बुटांना पैसे नाहीत, हे दोन्ही मुलांना न सांगता कळतं. ती आपापसात ठरवतात की घरी बोलायचं नाही, अलीचेच कॅनव्हासचे बूट दोघांनी वापरायचे. जाहराची शाळा सकाळची, अलीची दुपारची. शाळा सुटली की ती गल्लीबोळांतून धावत येते, कोपऱ्यावर बूट बदलते आणि मग तो धावत सुटतो. पुढे मुलांची मोठी शर्यत जाहीर होते. तिसऱ्या क्रमांकाच्या बक्षिसात बूट आहेत. अली शिक्षकांपुढे रडून नाव नोंदवतो आणि तिसरा येण्यासाठी धावतो. शेवटच्या टप्प्यात कुणाच्या तरी धक्क्याने पडतो, उठतो, जीव तोडून पळतो आणि पहिला येतो. शिक्षक त्याला उचलून घेतात, फोटो निघतात, टाळ्या पडतात. मुलगा विचारतो, मी तिसरा आलो का? उत्तर ऐकल्यावर त्याची मान खाली जाते आणि डोळे भरून येतात.

त्या मैदानावर शेकडो माणसं आहेत. हा मुलगा का रडतो हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नाही. ठाऊक आहे ते आपल्याला, अंधारात बसलेल्या परक्या माणसांना. माणसाची खरी लढाई त्याच्या खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्यांनाही बहुतेक वेळा दिसत नाही. चांगला चित्रपट आपल्याला उचलून नेमका त्या लढाईच्या आत नेऊन बसवतो. मला चित्रपटाचं वेड लागलं ते यासाठी, आणि आज इथे उभं राहून सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे.

याच चित्रपटातला आणखी एक प्रसंग मला शर्यतीपेक्षाही मोठा वाटतो. जाहराला शाळेच्या पटांगणात आपले हरवलेले बूट दुसऱ्या एका मुलीच्या पायांत दिसतात. ती त्या मुलीच्या मागे जाऊन घर पाहून ठेवते आणि मग अलीला घेऊन येते. दोघं कोपऱ्यावर दबा धरून बसतात. दार उघडतं, ती मुलगी वडिलांना घेऊन बाहेर पडते. वडील आंधळे आहेत, फेरीला निघालेत. भाऊ-बहीण एकमेकांकडे पाहतात आणि तशीच माघारी फिरतात. एक शब्द नाही, एक अश्रू नाही. बूट आपले आहेत, हक्क आपला आहे, तरीही आता मागायचं नाही, हा निवाडा दोन लहान मुलं अर्ध्या मिनिटात करतात. पडद्यावर न्याय आणि करुणा यांची गाठ इतक्या कमी सामग्रीत घातलेली मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

आता जरा मागे जाऊ. १९४८. दुसऱ्या महायुद्धानंतरचं रोम, बेकारी पाचवीला पुजलेली. वित्तोरियो दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’. अंतोनियोला भिंतींवर पोस्टर चिकटवण्याचं काम मिळतं, अट एकच, स्वतःची सायकल हवी. त्याची सायकल गहाण पडलेली. बायको घरातल्या चादरी काढून धुते, बांधते आणि गहाण ठेवून सायकल सोडवते. ते गाठोडं घेऊन एक माणूस मांडणीवर चढत जातो आणि आपल्या लक्षात येतं की छतापर्यंत अशीच गाठोडी रचलेली आहेत. संवाद नाही, आकडेवारी नाही, आणि अख्ख्या शहराची दशा कळते. कामाच्या पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. मग बाप आणि त्याचा छोटा ब्रुनो रोमभर ती शोधत हिंडतात. शेवटी हताश बाप स्वतः एक सायकल चोरायला जातो आणि पकडला जातो. लोक त्याला धरतात, शिव्या घालतात, त्याची टोपी खाली पडते. ब्रुनो ती उचलतो, झटकतो. सायकलचा मालक त्या पोराच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि म्हणतो, जाऊ द्या.

रस्त्यावरच्या जमावाला एक चोर दिसला. आपण त्या माणसाबरोबर दीड तास पायपीट केलेली आहे, त्यामुळे त्याला चोर म्हणायला आपली जीभ रेटत नाही. या भूमिकेसाठी कॅरी ग्रँटला घेतलं तर पैसे देतो, असं हॉलिवूडच्या एका बड्या निर्मात्याने दे सिकांना सुचवलं होतं. त्यांनी ते नाकारलं आणि कारखान्यातल्या एका खऱ्या कामगाराला, लाम्बेर्तो माज्जोरानी यांना, उभं केलं. सत्यजित राय यांनी १९५० साली लंडनमध्ये हा चित्रपट पाहिला आणि आपला पहिला चित्रपट असाच, खऱ्या जागी आणि नवख्या माणसांना घेऊन करायचा हे त्यांच्या मनात पक्कं झालं. ‘पथेर पांचाली’ १९५५ साली आला. वाटेत पैसे संपले, चित्रीकरण थांबलं, पत्नीचे दागिने गहाण पडले. त्या चित्रपटात दुर्गा ही मुलगी वारल्यावर तिचा परगावाहून आलेला बाप तिच्यासाठी आणलेली साडी बाहेर काढतो, आणि आई फुटते. तिच्या रडण्याचा आवाज रायांनी काढून टाकला आणि तिथे रविशंकरांच्या संगीतातलं एक वाद्य आक्रोश करतं. ते मी वर्णन करून सांगू शकणार नाही, तुम्हीच ऐका.

आपल्या मातीकडे येतो. ‘झिंगाट’वर आज नाच आहे हे मला मघाशीच कळलं, आणि आनंद वाटला. ‘सैराट’ तुम्ही पाहिलेलाच असणार. पण करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा त्याआधीचा ‘फँड्री’ तुमच्यातल्या किती जणांनी पाहिलाय? जब्या हा कैकाडी समाजातला शाळकरी मुलगा. शाळेतली शालू त्याला आवडते. आपल्या घराचं काम तिला दिसू नये एवढीच त्याची धडपड आहे. आणि एक दिवस गावातली डुकरं पकडायला त्याला सगळ्या कुटुंबाबरोबर शाळेजवळच उतरावं लागतं. गाव जमतं. हसतं. मॅच पाहावी तसं पाहतं. शालूही त्या हसणाऱ्यांत आहे. डुक्कर अगदी तावडीत आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी उभा राहतो, मग घरचेही थबकतात आणि डुक्कर निसटतं. पुढे ते पकडून, बांबूला बांधून, खांद्यावर घेऊन ही माणसं निघतात तेव्हा मागच्या भिंतीवर बाबासाहेबांचं आणि सावित्रीबाईंचं चित्र आहे. मंजुळे तिथे कुणालाही भाषण करू देत नाहीत.

आणि शेवटी जब्या दगड भिरकावतो. तो दगड सरळ कॅमेऱ्याकडे येतो, म्हणजे आपल्याकडे. इतका वेळ आपण जब्याच्या बाजूचे आहोत असं समजून निवांत बसलेलो असतो. त्या क्षणी दिग्दर्शक विचारतो, खरंच? कडेला उभं राहून बघणारे तुम्हीही होतात ना? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. दुसऱ्याचं दुःख पाहून डोळे पुसले की आपलं काम झालं, अशी सोयीची समजूत हा चित्रपट मोडून काढतो.

‘श्वास’ आला २००४ साली, तेव्हा तुमच्यातले बरेच जण जन्मलेलेही नव्हते. ‘श्यामची आई’नंतर सुमारे पन्नास वर्षांनी मराठी चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारा हा संदीप सावंत यांचा चित्रपट. कोकणातले आजोबा नातवाला, परशुरामला, डॉक्टरांकडे शहरात आणतात. डोळ्यांचा कॅन्सर. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. आणि शस्त्रक्रियेपूर्वी ते त्या लहानग्याला कुणीतरी सांगायला हवं. अरुण नलावडे यांचे आजोबा ते सांगू शकत नाहीत. शस्त्रक्रिया लांबते आणि आजोबा नातवासह रुग्णालयातून गायब होतात. रुग्णालयात गोंधळ, डॉक्टर संतापलेले. बाहेरच्यांना दिसतो तो एक बेजबाबदार, अडाणी म्हातारा. आपल्याला दिसतं की तो माणूस नातवाला शहर दाखवायला घेऊन गेलाय, डोळे आहेत तोवर जेवढं पाहता येईल तेवढं पाहून घे म्हणून.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’विषयी थोडक्यात बोलेन, पण ते मला बोलायलाच हवं, कारण तो तुमच्या वयाच्या मुलाचा चित्रपट आहे. स्वतःला संपवायला निघालेला आणि वाचलेला एक तरुण जानकी नावाच्या बाईंना आजारी अवस्थेत सापडतो. त्या त्याला समुद्रकाठच्या घरी आणतात. तू कोण, कुठला, असं का केलंस, यांतलं काहीही खोदून विचारत नाहीत. जेवायला बोलावतात, आला नाही तर ताट ठेवतात आणि वाट पाहतात. त्यांना स्वतःलाही नैराश्याचा अनुभव आहे. बाहेर किनाऱ्यावर कासवांची अंडी जपण्याचं काम चाललेलं आहे. या सभागृहात कुणाला त्या तरुणासारखं वाटत असेल तर त्याने किंवा तिने मित्राशी, घरच्यांशी, सरांशी, बाईंशी, डॉक्टरांशी बोलावं. आणि ज्याच्याशी कुणी बोलायला येईल त्याने लगेच उपदेश सुरू करू नये. जानकीबाई वागतात तसं वागावं.

शेवटचा चित्रपट अकिरा कुरोसावा यांचा, १९५२चा ‘इकिरू’. वातानाबे हे नगरपालिकेतले एक विभागप्रमुख. वर्षानुवर्षं शिक्के मारत बसलेले. वस्तीतल्या बायका सांडपाण्याचं डबकं बुजवून तिथे मुलांसाठी बाग करा असा अर्ज घेऊन येतात आणि त्यांना या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरवलं जातं. वातानाबेंना पोटाचा कॅन्सर असल्याचं कळतं. ते मुलाला सांगायला जातात, पण मुलाला वडिलांच्या पैशांपलीकडे काही ऐकू येत नाही. भटकून, थकून एके दिवशी ते कार्यालयात परत येतात आणि तो अर्ज हातात घेतात. आता बाग कशी उभी राहते ते दिसेल, असं आपल्याला वाटतं. कुरोसावा तिथेच कथा तोडतात. पाच महिने उलटलेत, वातानाबे गेलेत, भिंतीवर त्यांचा फोटो आहे आणि सहकारी साके पीत शोकसभेला बसलेत. बागेचं श्रेय उपमहापौर घेऊन मोकळे झालेत. वस्तीतल्या बायका येतात, एक शब्द न बोलता फोटोपुढे ढसाढसा रडतात आणि जातात. मग एकेकाच्या आठवणीतून तुकडे जुळत जातात: अपमान गिळून दारोदार फिरणारे वातानाबे, गुंडांच्या धमकीला न बधणारे वातानाबे, आणि शेवटच्या रात्री बर्फात झोपाळ्यावर बसून गाणारे वातानाबे. सगळे भारावतात, आपणही असंच काम करायचं अशी शपथ घेतात. दुसऱ्या दिवशी कार्यालयात तोच कागद, तीच खिडकी. एक कारकून निषेधाने उठून उभा राहतो आणि पुन्हा मुकाट्याने ढिगाऱ्याआड बसतो. नायकाला मध्यावरच मारण्याचं हे धाडस कुरोसावांनी केलं म्हणून आपण भारावून घरी जात नाही, अस्वस्थ होऊन जातो.

आता एक मागणी करतो. प्राचार्यांशी मघाशी बोललो, ते अनुकूल आहेत. कलकत्त्यात सत्यजित राय आणि मित्रांनी १९४७ साली फिल्म सोसायटी काढली, मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून काम करतंय. तुम्ही या महाविद्यालयात तसं मंडळ सुरू करा. हे सभागृह आहे, पडदा आहे, प्रोजेक्टर आहे. महिन्याला एक चित्रपट, फोन बंद, मध्ये उठायचं नाही, आणि संपल्यावर निदान अर्धा तास चर्चा. आवडला नाही असं म्हणायची सगळ्यांना मुभा. सुरुवात ‘श्वास’ने करा, भाषेची अडचण येणार नाही. ‘फँड्री’ला आजूबाजूच्या शाळांमधली मोठी मुलंही बोलवा. आणि ‘इकिरू’ लावाल त्या दिवशी कार्यालयातल्या सगळ्यांना वेळेत कळवा, कारण तो त्यांचाही चित्रपट आहे. मराठी उपशीर्षकं नसतील तर चित्रपट सुरू होण्याआधी कथेचा धागा समजावून सांगायला मी येईन. तारीख तेवढी आठवडाभर आधी कळवा.