गिअरबॉक्स खोलण्याआधी



सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून गाडी उभी केली. २०२२ साली आनंद महिंद्रांनी ती घेऊन बोलेरो दिली. अशा घरच्या गाडीचा गिअर खोपोलीहून बोरघाट चढताना अडला, की मिस्त्री म्हणतो, गिअरबॉक्स खोला. कपाशीचा पैसा तिथेच जातो!

आधी इंजिन बंद करून गिअर टाका. बंद असताना सहज पडतो, चालू असताना करकरतो? दोष बहुधा क्लचचा. तार ताणून बघा. गिअर अर्धवट बसून निसटतो? घरच्या बांधणीत गिअरचा दांडा आखूड पडलेला असू शकतो. न्यूट्रलमध्ये घरघर, क्लच दाबताच गप्प, तर पुढच्या शाफ्टचे बेअरिंग. मग ऑईल काढून बोटावर चोळा. पितळी चुरा म्हणजे सिंक्रो रिंग झिजली. लोखंडी कपचा निघाल्या तर दात गेले. गाडी ओढूनच न्या.