पहिल्या बेसच्या पुढची चार पावले



युनियनचा माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो बोनसविषयीच बोलणार, अशी आपली समजूत असेल. मी आज सॉफ्टबॉलविषयी बोलणार आहे, आणि तेही माझ्या एका चुकीविषयी.

हा खेळ १८८७ साली शिकागोत निघाला. मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याची बॅट. चेंडू मारून खेळाडू ६० फुटांवरच्या पहिल्या बेसकडे धावतो. भरधाव शरीर एकदम थांबत नाही; थांबवले तर घोटा मुरगळतो. म्हणून नियम असा की, बेसला स्पर्श करून तो पुढे निघून गेला व थेट परत आला, तर चेंडू लावून त्याला बाद करता येत नाही. मात्र दुसऱ्या बेसकडे जाण्याचा प्रयत्न केला की सवलत संपली. दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर तर ती नाहीच.

आपल्या कबड्डीतही हे शहाणपण आहे. स्पर्श होण्याआधी चढाईवाल्याचा पाय लॉबीत पडला की तो बाद. झटापट सुरू झाली की तीच लॉबी मैदानात जमा.

एकदा एका शाळेच्या सामन्याला पंच आला नाही, म्हणून मला उभे केले. एक मुलगी बेस ओलांडून गेली आणि डावीकडे वळून परत निघाली. तिला चेंडू लावला गेला, मी बाद दिले. ती म्हणाली, "काका, मी दुसऱ्या बेसकडे निघालेच नव्हते. नियम बघा." मी दरडावले, "पंचाशी वाद घालू नकोस!" तिचा संघ एका धावेने हरला.

रात्री पुस्तक उघडले. नुसते डावीकडे वळणे हा गुन्हा नाही. पुढे जाण्याचा प्रयत्न दिसावा लागतो. मुलगी बरोबर होती.

मंडळी, "साहेबांशी वाद घालू नका" हे वाक्य चौकशीच्या टेबलापाशी ऐकून माझे केस पिकले, आणि तेच माझ्या तोंडून निघाले! १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने कारखान्याचे नियम बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत दाराशी लावणे बंधनकारक केले, ते उगीच नव्हे.

दुसऱ्या दिवशी सगळ्या संघासमोर मी तिची माफी मागितली. निकाल बदलला नाही. पण तो नियम मराठीत लिहून मैदानाच्या फळ्यावर लावून आलो. पंचाच्या हातातले पुस्तक खेळणाऱ्यालाही वाचता आले पाहिजे, एवढेच मला सांगायचे होते.