पालापाचोळ्यांतील भूतारका

अमरावतीहून परतवाड्यामार्गें चिखलदऱ्याचा घाट चढूं लागलें, किंवा अकोल्याकडून अकोटावरून नरनाळ्याच्या पायथ्याशीं गेलें, कीं सागाच्या रुंद पानांचा थर पायांखालीं वाजूं लागतो. प्रवाशाची दृष्टि वाघाच्या मागावर असते. त्या थराकडे कोणी पाहत नाहीं. भूतारकेचें घर मात्र असल्याच थरांत असतें.

शास्त्रांत या कवकास ‘जिआस्ट्रम’ म्हणतात. प्रथम तें मातींत लहानशा कांद्यासारखें गोल असतें. पक्व होतांच बाहेरचें कवच उकलून त्याच्या पाकळ्या होतात व मध्यें एक पातळ पिशवी उरते. तिच्यावर पावसाचा थेंब पडला कीं शेंड्याच्या छिद्रांतून तपकिरी धूळ उडते. ही धूळ म्हणजेच त्याचे बीजाणु.

नुसत्या पाकळ्या मोजून जात ठरत नाहीं. पिशवीस देंठ आहे काय, छिद्राभोंवतीं चुणीदार कडा आहे कीं तंतूंचा झुबका, कवचास पाचोळा चिकटला आहे काय, हें सारें पाहावें लागतें. आणि शेवटीं सूक्ष्मदर्शकाखालीं बीजाणु. शिवाय ‘अॅस्ट्रीअस’ हा एक तोतया आहेच. त्याच्या पाकळ्या ओलीनें उघडतात, कोरड्या हवेंत मिटतात. झारखंडांत सालवृक्षांखालीं निघणारे त्याचे न उमललेले गोळे ‘रुगडा’ म्हणून बाजारांत येतात व आवडीनें खाल्ले जातात. तो जिवंत मुळांशीं भागी करून राहतो. भूतारका कुजत्या पाल्यावर जगते. म्हणून भोंवतालचीं झाडें पाहिल्याशिवाय नांव ठरवूं नये.

इंग्लंडांत मिरपुडीच्या डबीसारखी अनेक छिद्रांची एक भूतारका १८८० नंतर दिसेनाशी झाली व नामशेष मानली गेली. २००६ सालीं सफोक परगण्यांत ती पुन्हां सांपडली. मधल्या काळांत ती नव्हती, कीं पाहणारे नव्हते, हें आतां कोण सांगणार!

मेळघाट १९७३-७४ सालीं व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आला. वाघाबरोबर पाचोळ्यासहि आसरा मिळाला. पण उन्हाळ्यांतील वणवा तो एका दिवसांत खातो. मोहफुलें वेंचण्यासाठीं झाडाखालचा पाला जाळण्याची रीत आहे. वेंचणारास दोष देणें सोपें. पहांटेच्या अंधुक उजेडांत फुलें गोळा करणाऱ्या बाईस जमीन मोकळीच हवी. झाडाखालीं जाळें किंवा जुनें लुगडें अंथरलें तर मात्र आगीवांचून काम भागतें.

भूतारका आढळल्यास जागच्या जागीं छायाचित्र घ्यावें. तारीख व झाड टिपावें. नमुना नेणें अवश्यच असेल तर एकच, कागदांत वाळवून; पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत अजरेकर कवकसंग्रह आहे. राखीव रानांतून कांहींहि उचलण्यापूर्वीं वनखात्याची लेखी परवानगी घ्यावी.